जोडताना गळलेलं नाव

माझ्या सासूबाई शेजारणींना माझ्या नोकरीबद्दल सांगायच्या, "ती कॉम्प्युटरवर नावं जोडते." शेजारणींना वाटायचं, मी वधूवर मंडळात आहे. गंमत म्हणजे माझं पहिलं मोठं काम खरोखरच एका वधूवर मंडळाचं होतं, त्यामुळे सासूबाईंना खोटं पाडायची सोय नव्हती.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. गंगापूर रोडला एका दोन खोल्यांच्या ऑफिसात आम्ही तिघं प्रोग्रॅमर होतो. बाहेरच्या खोलीत चपला काढायच्या आणि आत जायचं. देवघरात नसेल एवढं सोवळं त्या आतल्या खोलीत असायचं. एसी माणसांसाठी नव्हता, मशिनसाठी होता. वीज गेली की सगळे बाहेर येऊन चहा प्यायचे, आणि वीज आली की सकाळपासून टाइप केलेलं काय काय उडालं ते बघत बसायचे. एवढं करून दिवस मजेत जायचे. आज घरोघरी कॉम्प्युटर आहे, पण चपला काढून कोणी त्याच्यासमोर बसत नाही, याचं मला उगाच वाईट वाटतं.

आमचा धंदा नेमका काय, ते आधी सांगते. घरात मिसळणाचा डबा असतो. हळद, तिखट, मोहरी, जिरं सगळं वेगवेगळ्या वाट्यांत. कोणी शहाणी बाई सगळं एकत्र कालवून ठेवत नाही. लागेल तेव्हा, लागेल तेवढं, कढईत एकत्र येतं. माहितीचंही तसंच. माणसांची नावं-पत्ते एका तक्त्यात, त्यांच्या तपासण्या दुसऱ्यात, फोन तिसऱ्यात. हव्या त्या वेळी दोन तक्ते एकत्र आणायचे, त्याला आमच्यात 'जॉइन' म्हणतात. त्यासाठी दोन्ही तक्त्यांत सारखा असा एक रकाना लागतो. या तक्त्यातलं हे आणि त्या तक्त्यातलं ते एकच, असं कॉम्प्युटरला सांगावं लागतं. ते सांगणं म्हणजेच आमचं निम्मं कौशल्य. उरलेलं निम्मं ते सांगायला विसरलं की काय होतं हे निस्तरण्यात जातं.

वधूवर मंडळाचे नाना हे आमचं पहिलं तिखट गिऱ्हाईक. धोतर, काळी टोपी, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी "कसं?" मुलांचा एक तक्ता, मुलींचा एक. नक्षत्र, शिक्षण, उंची यांवरून कोणाचं कोणाशी जुळेल ते छापून द्यायचं. माझा सहकारी प्रसाद याने प्रोग्रॅम लिहिला आणि घाईत जुळवायची अटच घालायला विसरला. अट नसली की कॉम्प्युटर बिचारा पहिल्या तक्त्यातल्या प्रत्येकाला दुसऱ्यातल्या प्रत्येकाशी जोडून मोकळा होतो. शंभर मुलगे, शंभर मुली, झाल्या दहा हजार जोड्या. प्रिंटर कर्रकर्र करत कागद ओकत होता. नाना खूश. "काय हो ताई, मशिनला एवढी स्थळं दिसतात, मग इतकी वर्षं मी काय केलं? कसं?" मग त्यांनी चष्मा लावला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "अहो, ही दोघं सख्खी बहीणभाऊ आहेत!"

प्रसादने पुढे आठवडाभर नानांना तोंड दाखवलं नाही. दुरुस्ती मी करून दिली. आता फक्त जुळणाऱ्या जोड्या आल्या. नानांनी पुन्हा चष्मा लावला, आणि बोट एकेका ओळीवरून खाली नेलं.

"ताई, यात आमच्या कमलची मुलगी नाही. लासलगावच्या मास्तरांचा मुलगा नाही. ती नावं कुठं गेली?"

मी सांगितलं, "त्यांचं कोणाशीच जुळलं नाही, नाना. म्हणून ती येत नाहीत."

"अहो, ज्यांचं जमतंय त्यांना माझी गरज काय? मी मंडळ काढलंय ते न जमणाऱ्यांसाठी. त्यांची नावं मला आधी दिसली पाहिजेत. कसं?"

त्याला उत्तर होतं आमच्याकडे. साध्या जोडणीला 'इनर जॉइन' म्हणतात. दोन्हीकडे जोडीदार सापडला तरच ओळ येते, नाहीतर गुपचूप गळते. 'लेफ्ट जॉइन' मात्र डावीकडच्या तक्त्यातल्या कोणालाच गाळत नाही. जोडीदार मिळाला तर शेजारी लिहितो, नाही मिळाला तर शेजारचे रकाने रिकामे ठेवतो, पण नाव ठेवतो. मी पुस्तकात ते वाचलं होतं. त्याचा उपयोग कोणाला आणि का होतो, हे मला नानांनी शिकवलं. त्यांच्या त्या कागदावर कमलच्या मुलीचं नाव आलं आणि शेजारी सगळं कोरं. नानांनी त्या कोऱ्या जागेवर हात फिरवला आणि म्हणाले, "हां, आता कामाला लागतो."

पुढे मी एका ट्रस्टच्या रक्तपेढीत लागले, आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच रमले. मी जाण्याआधी तिथला प्रोग्रॅम कोणा बाहेरच्या माणसाने लिहून दिला होता. पडद्यावर 'दाता शोध' असं एक बटण होतं. रक्तगट टाकला की त्या गटाचे दाते, फोनसकट समोर. रोजच्या कामाला उत्तम. आमची तंत्रज्ञ वंदना त्याच्यावर इतकी खूश होती की नवरात्रात मशिनला हार घालायची.

एका उन्हाळ्यात, कांद्याची काढणी चालू असतानाची गोष्ट. सकाळी सिव्हिलजवळच्या एका इस्पितळातून फोन आला. पेठ तालुक्यातली एक बाळंतीण, नाव हिरा. मुलगी सुखरूप झाली होती, पण आईचा रक्तस्राव थांबत नव्हता. ओ गटाचं रक्त मागवलं होतं, आणि आमच्याकडच्या कुठल्याच पिशवीशी ते जुळत नव्हतं. आमच्या प्रमुख डॉक्टर भालेरावबाईंनी नमुना पुन्हा स्वतः तपासला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या चष्मा काढायच्या तेव्हा आम्ही गप्प बसायचो.

"बॉम्बे ग्रुप आहे," त्या म्हणाल्या. वरवरच्या तपासणीत हा गट ओ सारखाच दिसतो. पण अशा माणसाला ओ चालत नाही, काहीच चालत नाही. त्याला फक्त त्याच गटाचं रक्त लागतं, आणि तशी माणसं शोधावी लागतात. मुंबईला फोन झाले. तिथला एक दाता तयार होता, पण पिशवी पोहोचायला रात्र होणार होती. हिराकडे तेवढा वेळ नव्हता.

हिराचा नवरा काशिनाथ आमच्या बाकावर बसून होता. दिंडोरीकडे द्राक्षबागेत कामाला असायचा. कोणी जवळून गेलं की उठून उभा राहायचा. वंदनाने 'दाता शोध'मध्ये तो गट टाकला. पडदा कोरा.

"आपल्याकडे एक मुलगी होती," भालेरावबाई म्हणाल्या. "चांदवडकडच्या कॉलेजातलं शिबिर. नमुना विचित्र वाटला म्हणून मीच मुंबईला पाठवला होता. तिथून तेच उत्तर आलं होतं. मेधाताई, मला नाव आठवत नाही, पण ती होती."

आता प्रोग्रॅम म्हणतो नाही आणि बाई म्हणतात होती. मी मशिनच्या मागल्या दाराने शिरले, म्हणजे तो प्रोग्रॅम उघडून आतला जॉइन पाहिला. दात्यांचा एक तक्ता, मुंबईहून आलेल्या खास तपासण्यांचा दुसरा. आणि दोघांना जोडलं होतं कशावर? पूर्ण नावावर. तेही इनर जॉइनने. दोन्हीकडे नाव अक्षरशः तेच असेल तरच ओळ दिसणार, नाहीतर गळणार. मी खास तपासण्यांचा तक्ता डावीकडे घेतला, लेफ्ट जॉइन लिहिला आणि चालवला.

एक ओळ आली. 'कु. सिंधू पोपट जाधव.' गट तोच. शेजारी पत्ता रिकामा, फोन रिकामा. रिकाम्या रकान्याला आमच्यात 'नल' म्हणतात. वंदना बघून म्हणाली, "म्हणजे नळ आहे आणि पाणी नाही, असंच ना मॅडम?"

भालेरावबाई म्हणाल्या, "हीच ती. शिबिरात तिचा नुसता नमुना घेतला होता. पण आपल्या दात्यांत तिचं नाव नाही."

मी त्या 'कु.'कडे बघत होते. मीही एके काळी कु. मंगल होते. लग्नात ताटातल्या तांदळांवर नवऱ्याने अंगठीने 'मेधा' लिहिलं, कारण मंगल नाव सासूबाईंना जुनाट वाटायचं. आडनाव गेलं, मधलं वडिलांचं नाव गेलं, आणि पहिलंही गेलं. ज्याने तो प्रोग्रॅम लिहिला तो नक्की पुरुष असणार. ज्याचं नाव जन्मापासून मरेपर्यंत तेच राहतं, त्यालाच नावावर जॉइन लावायचं सुचतं.

"नाव असेल बाई," मी म्हणाले. "आपल्याच तक्त्यात असेल. लग्नानंतर कुठल्या शिबिरात पुन्हा नोंदवलं असेल तर सौ. होऊन बसलं असेल, आणि आपल्याला ओळखू येत नाही."

मग जोडायचं कशावर? बाईची जन्मतारीख काही सासरी बदलत नाही. दोन्ही तक्त्यांत ती होती. मी नाव काढून जन्मतारखेवर जॉइन लावला आणि मोठ्या ऐटीत बटण दाबलं. पडद्यावर बायकांची जत्रा. ओळी संपेनात. मी सिंधूची जन्मतारीख पाहिली आणि कपाळाला हात लावला. एक जून!

वाचकांतल्या निम्म्या लोकांना कळलं असेल. आमच्या पिढीपर्यंत आईवडिलांना तारीख आठवत नसे. शाळेत घालताना गुरुजी विचारायचे, "पोरगी कधीची?" उत्तर यायचं, "त्या साली लय पाऊस झाला व्हता ना, तवाची." गुरुजी शांतपणे एक जून लिहायचे. त्यामुळे अर्धा जिल्हा एक जूनला जन्मलेला आहे. तिकडच्या कोणा देशातल्या प्रोग्रॅमरला ही अडचण स्वप्नातही येणार नाही. मला त्या गुरुजींचा इतका राग आला, की समोर असते तर हात जोडून चार शब्द सुनावले असते.

पण हातपाय गाळून चालणार नव्हतं. मी आणखी अटी घातल्या. नावामागे सौ. असलेल्या. स्वतःचा गट ओ सांगितलेल्या, कारण कॉलेजातल्या साध्या तपासणीत तिला ओ असंच सांगितलं गेलं असणार. आणि ज्यांनी आमच्याकडे नुसती नोंदणी केली पण रक्त अजून दिलेलं नाही अशा, कारण दिलं असतं तर भालेरावबाईंच्या नजरेतून सुटलं नसतं. जत्रा ओसरली. तरी फोन करायला दोघींना दुपार पुरेल एवढ्या बायका उरल्या. वंदना एका फोनवर, मी दुसऱ्या. काशिनाथ समोरच्या बाकावर.

लाइन खराब, म्हणून ओरडून बोलावं लागायचं. "तुमचं माहेरचं नाव सिंधू का? सिंधू!" हे एकच वाक्य आम्ही दोघी किती वेळा ओरडलो असू. एका सासूबाईंनी मला झापलं, "माहेरचं नाव कशाला पाहिजे? नांदतीय ती इथं, इथलं नाव विचारा." दुसऱ्या एका घरी सासरे म्हणाले, "नाव बदललं होतं खरं, पण आधीचं काय होतं ते आता कोणाला आठवतं!"  एक बाई म्हणाली, "मी सिंधू नाही हो, सुमन. पण रक्त पाहिजे तर निघू का?" तिचे आभार मानून मी पुढचा नंबर फिरवला.

दर फोन खाली ठेवला की काशिनाथ माझ्याकडे बघायचा. मी मान हलवायचे. तो पुन्हा बसायचा. मधे इस्पितळातून फोन आला आणि भालेरावबाई ऐकून फक्त "हं, हं" म्हणाल्या. आम्ही विचारलं नाही.

पुढचं नाव 'सौ. अश्विनी रमेश निकम.' गाव चांदवडजवळचं. फोनपुढे लिहिलं होतं पी. पी., म्हणजे फोन शेजाऱ्याचा, निरोप देणार तो. शेजारी म्हणजे कांद्याचा व्यापारी.

"निकमांची सून? मळ्यात हाय ती. कांदा चालू हाय. काय निरोप द्यायचा?"

"निरोप नको भाऊ, तिला बोलवा. एका बाळंतिणीच्या जिवाचा प्रश्न आहे."

"मग थांबा. गाडी पाठवतो." भला माणूस. थोड्या वेळाने मी पुन्हा फोन लावला. पलीकडे धाप लागलेला आवाज होता.

"हॅलो, अश्विनी बोलतीय."

"ताई, तुमचं माहेरचं नाव सिंधू का?"

  तिचा आवाज एकदम बारीक झाला.

"कोण बोलतंय? माझ्या आईला काय झालं का?"

त्या नावाने हाक म्हणजे माहेरची हाक, आणि अशी मळ्यातून बोलावून घेतलेली हाक म्हणजे वाईट बातमी. तिने सरळ तेवढंच जोडलं होतं. मी घाईघाईने म्हणाले, "आई बरी आहे हो, आईला काही झालेलं नाही," आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वंदनाने फोन ठेवून दिला आणि काशिनाथ उभा राहिला.

व्यापाऱ्याने आपल्याच जीपमधून नवराबायकोला पाठवलं. सिंधू आली तेव्हा तिच्या पायांना मळ्यातली माती तशीच होती आणि पदराला कांद्याचा वास. काटक, सावळी, हसरी. नवरा काळजीत. "साहेब, काढणी चालू हाय, अशक्त तर होणार नाय ना ती?" तो भालेरावबाईंनाही साहेबच म्हणत होता. सिंधू त्याला म्हणाली, "तुम्ही गप बसा हो. तिकडं बाई मरतीय."

तपासणी झाली. जुळलं. भालेरावबाईंनी तिला समजावलं, की तुझा गट ओ नाही, आणि तुला कधी रक्त लागलं तर तुलाही ओ चालणार नाही. मुंबईचं उत्तर आलं तेव्हा रक्तपेढीने तिला पत्र पाठवलं होतं. ते कॉलेजच्या पत्त्यावर, माहेरच्या नावाने. तोवर ती अश्विनी होऊन सासरी गेलेली. "म्हणजे माझ्या बाळंतपणात कमीजास्त झालं असतं तर..." एवढंच बोलून तिने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा खाली बसला.

तिची पिशवी इस्पितळात गेली, रात्री मुंबईची आली, आणि हिरा वाचली. काशिनाथला आम्ही सिंधू यायच्या आत हिराकडे पाठवलं होतं; पिशवी न्यायला आला तेव्हा त्याने मला विचारलं, रक्त देणारी कोण, तिच्या पाया पडतो. आमच्याकडे नियम होता, दात्याचं नाव घरच्यांना सांगायचं नाही. तेव्हा सिंधू आतल्या खोलीत चहा-बिस्किटं घेत होती. मी सांगितलं नाही.

त्यानंतर आम्ही अर्जात 'माहेरचे नाव' असा रकाना घातला आणि प्रत्येकाला एक क्रमांक दिला, म्हणजे नावावर जोडायची वेळच येऊ नये. तांत्रिकदृष्ट्या तो क्रमांक पुरेसा होता. दुसऱ्या रकान्याची तशी गरज नव्हती, पण मी तो काढू दिला नाही. शिबिरांत मी पाहायचे, बायका भराभरा अर्ज भरत यायच्या आणि त्या रकान्याशी थांबायच्या. काही हसायच्या. मग सावकाश, शाळेतल्या अक्षरात लिहायच्या.

पुढच्या वर्षी भात निघाल्यावर काशिनाथ आला. नवे तांदूळ आणले होते, पिशवीभर. मी म्हटलं, हे आम्हाला घेता येत नाही. तो म्हणाला, "माज्या घरचं हाय, इकत नाय आनलं." मग घेतलं. मुलगी कशी आहे विचारलं.

"चालाय लागली. सिंधू नाव ठिवलं."

मी दचकले. "तुम्हाला हे नाव कोणी सांगितलं?"

"तुमीच की बाई. दिसभर फोनात तेच नाव घेत व्हता. ती घावली म्हनून हिरा राह्यली. मंग दुसरं कोन्तं ठिवनार?"

आमचा नियम तसाच राहिला होता. अश्विनी निकम हे नाव त्याला कधीच कळलं नाही. त्याला कळलं ते नेमकं तेच, जे कुठल्याच कागदावर आता चालत नव्हतं.

मी काही दिवसांनी चांदवडला फोन लावला. आता निकमांच्या घरी स्वतःचा फोन होता. मी सवयीने "सिंधूताई" म्हणाले. तिचा आवाज जड होता.

"मॅडम, आई गेली माझी दिवाळीआधी. आता या नावानं हाक मारणारं कोणीच नाय राह्यलं. तुम्हीच एक."

 मग मी पेठच्या त्या मुलीचं सांगितलं. कोणाची, कुठली, हे सांगायचं नसतं, तेवढं टाळलं. पण नाव सांगितलं, आणि ते कुणामुळे ठेवलं तेही.  मागे कुठेतरी कोंबडी ओरडत होती.

"मॅडम," ती म्हणाली, "माझी आई मला सिंधे म्हणायची. लांबून हाक मारायची, 'सिंधे गंऽऽ' अशी. त्या पोरीला तिची आई तशीच हाक मारती का हो?"

रिकाम्या रकान्यात आपल्या मनाने कधीही काही भरू नये, असं मी हाताखालच्या प्रत्येक मुलामुलीला शिकवलं आहे. हिराला मी तर एकदाही पाहिलं नव्हतं.

"हो," मी म्हणाले. "अगदी तशीच."